गोळी तीच, रोगी वेगळा

पन्नाशी उलटली की जेवणानंतर अ‍ॅस्पिरिनची एक लहानशी गोळी घ्यावी, म्हणजे हृदयाचे भय उरत नाही, ही समजूत गेल्या काही दशकांत आपल्या मध्यमवर्गीय घरांत चांगलीच रुजली आहे. ही गोळी कोणी आणि का सुरू केली, याची विचारणा केली तर पुष्कळदा नीट उत्तर मिळत नाही. शेजारच्या गृहस्थांना डॉक्टरांनी दिली म्हणून यांनी घेतली, थोरल्या भावाला झटका आला म्हणून धाकट्याने घेतली, असाच बहुधा प्रकार असतो. आठवडाभराच्या गोळ्यांना एका चहाइतकाही खर्च येत नाही, आणि स्वस्त वस्तू सहसा निरुपद्रवी मानली जाते. अलीकडे मात्र वारे फिरले आहे. निरोगी माणसाला या गोळीचा लाभ थोडा आणि धोका जवळजवळ तितकाच, असे मोठमोठ्या प्रयोगांनी दाखवून दिले आहे. त्या वार्ता अर्धवट वाचून, ज्यांना या गोळीची खरोखरीच गरज आहे तेही ती परस्पर बंद करू लागले, तर त्याचा परिणाम प्राणावर बेतणारा आहे. निरोगी माणसाने गोळी आपल्या मनाने सुरू करावी आणि रोग्याने ती आपल्या मनाने थांबवावी, या दोन्ही चुका एकाच अज्ञानातून उद्भवतात. म्हणूनच या विषयाचा साकल्याने विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

औषधाच्या लाभहानीचा हा वाद समजून घेण्यास हैदराबादइतके उद्बोधक नगर क्वचितच सापडेल. औषध निर्धोक आहे की नाही, यावर जगभर गाजलेला एक निवाडा याच शहरात झाला होता. १८८८ साली, सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत, तेथील रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांनी क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेची चौकशी करण्यासाठी एक मंडळ बसविले. शस्त्रक्रियेपूर्वी क्लोरोफॉर्मची भूल देताना मधूनमधून रोगी एकाएकी दगावत. हा मृत्यू हृदय बंद पडून येतो की श्वास थांबून, हा वादाचा मुद्दा होता. लॉरी हे एडिंबरोच्या साइम यांचे शिष्य. श्वासाकडे नीट लक्ष ठेवले तर क्लोरोफॉर्म हृदयाला अपाय करीत नाही, असा त्यांचा ठाम सिद्धान्त होता, आणि हजारो रोग्यांना आपण अशी भूल निर्धोकपणे दिली, हा त्यांचा आधार होता. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने शंका घेतली, तेव्हा निजाम सरकारने एक हजार पौंड देऊन त्यांचाच प्रतिनिधी बोलावून घेतला. १८८९ साली लॉडर ब्रंटन हे नामांकित वैद्य हैदराबादेस आले, शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, आणि दुसऱ्या मंडळाचा कौलही लॉरी यांच्याच बाजूने पडला.

पुढे १९११ साली गुडमन लेव्ही या संशोधकाने दाखवून दिले, की हलक्या भुलेच्या अवस्थेत क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय एकाएकी बिघडून मृत्यू येऊ शकतो. लॉरी अप्रामाणिक नव्हते. त्यांचा अनुभवही खोटा नव्हता. परंतु क्वचित घडणारा अपाय एका वैद्याच्या, एका रुग्णालयाच्या अनुभवात दिसत नाही. तो विखुरलेला असतो, आणि हजारोंची काटेकोर मोजणी केल्यावाचून त्याचा माग लागत नाही. ‘माझ्या पाहण्यात कुणाला काही झाले नाही’ हे वाक्य आज अ‍ॅस्पिरिनविषयी ज्या सहजतेने उच्चारले जाते, ती पाहता हैदराबादचा हा धडा अद्याप जुना झालेला नाही.

त्याच हैदराबादेत शतकाहून अधिक काळानंतर अ‍ॅस्पिरिनच्या प्रश्नाने नव्या रूपात प्रवेश केला. २००३ साली वॉल्ड आणि लॉ या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी एक धाडसी कल्पना मांडली होती. रक्तदाब उतरविणारी तीन औषधे, कोलेस्टेरॉल कमी करणारे एक, फॉलिक आम्ल आणि ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन अशी सहा द्रव्ये एकाच गोळीत घालून ती पंचावन्न वर्षांवरील प्रत्येकाला द्यावी, म्हणजे हृदयविकार आणि पक्षाघात ऐंशी टक्क्यांनी घटतील, असा त्यांचा हिशेब होता. अशा बहुगुणी गोळीला ‘पॉलीपिल’ हे नाव पडले. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज या कंपनीने या धर्तीवर चार औषधांची गोळी तयार केली. तिच्यात ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन होतेच. भारत, इंग्लंड, आयर्लंड आणि नेदरलँड्स येथील २००४ व्यक्तींवर, ज्यांतील निम्म्या आपल्या देशातील होत्या, या गोळीचा प्रयोग झाला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार, सुटी औषधे नियमित घेणारे ६५ टक्के निघाले, तर एकत्रित गोळी नियमित घेणारे ८६ टक्के. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांतही थोडी सुधारणा दिसली. झटक्यांच्या संख्येत फरक पडतो की नाही हे ठरविण्याइतका तो प्रयोग मोठा नव्हता. शिवाय त्यात घेतलेल्या बहुसंख्य व्यक्ती आधीच हृदयविकार वा पक्षाघात झालेल्या होत्या, ही गोष्ट विसरून चालणार नाही. रोग्यांना उपयुक्त ठरलेली गोळी सरसकट साऱ्या प्रौढांना द्यावी काय, हा प्रश्न तेथे सुटलेला नव्हता.

या प्रश्नाचे मर्म कळण्यासाठी अ‍ॅस्पिरिन शरीरात काय करते, हे पाहिले पाहिजे. विलो वृक्षाच्या सालीतील ज्वरनाशक गुणाचा मागोवा घेत घेत हे औषध सिद्ध झाले. जर्मनीतील बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत १८९७ साली ते तयार झाले आणि १८९९ पासून बाजारात आले. पाऊणशे वर्षे ते केवळ डोकेदुखी-अंगदुखीचे औषध होते. १९७१ साली जॉन व्हेन यांनी त्याच्या कार्याचे रहस्य उलगडले आणि १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला. आपल्या रक्तात ज्यांना आपण प्लेटलेट्स म्हणतो ते बिंबाणू असतात. जखम झाली की ते एकमेकांस चिकटून गुठळी धरतात आणि रक्त थांबते. अ‍ॅस्पिरिन त्यांची ही चिकटण्याची शक्ती हिरावून घेते. एकदा निकामी झालेला बिंबाणू आपल्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात पुन्हा पूर्ववत होत नाही, म्हणून अल्पशी मात्राही दिवसभर पुरते. हृदयाच्या किंवा मेंदूच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकू नये, हा या औषधाचा लाभ. पण तीच गुठळी जठराच्या व्रणावर किंवा मेंदूतील फुटलेल्या सूक्ष्म वाहिनीवर धरायला हवी असते, तेव्हा ती धरत नाही, हा त्याचा धोका. लाभ आणि हानी या येथे दोन निरनिराळ्या गोष्टी नव्हेत. एकाच गुणाची ती दोन टोके आहेत. आतड्यात विरघळणारी, वेष्टन चढविलेली गोळी घेतली की पोटाला धोका नाही, हा समजही म्हणूनच फसवा आहे. कारण गोळी कोठेही विरघळली तरी तिचा परिणाम अखेर रक्तातच होतो.

आता आकडे पाहू. ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा येत आहे, त्यांच्या बाबतीत वाद नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या प्रयोगात हृदयविकाराच्या झटक्याचा संशय असलेल्या १७,१८७ रुग्णांचा अभ्यास झाला. महिनाभर दिलेल्या अल्प अ‍ॅस्पिरिनने हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. इतक्या स्वल्प खर्चात इतके प्राण वाचविणारे औषध विरळाच. त्याच सुमारास अमेरिकेतील २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर झालेल्या प्रयोगात, निरोगी असतानाही अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये झटक्याचे प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी आढळले आणि जगभर या गोळीचा बोलबाला झाला. ब्रिटनमधील पाच हजारांवर डॉक्टरांच्या तशाच प्रयोगात लाभ सिद्ध झाला नव्हता. पण सुवार्ता नेहमीच वेगाने धावते.

टक्केवारी माणसाला कशी चकविते, ते येथे ध्यानात घेतले पाहिजे. २००९ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तोवरचे प्रमुख प्रयोग एकत्र करून मोजणी केली. ज्यांना पूर्वी झटका वा पक्षाघात झाला होता, अशा दहा हजार माणसांनी वर्षभर अ‍ॅस्पिरिन घेतले तर सुमारे दीडशे जणांवरील गंभीर संकट टळते. ज्यांना असा कोणताच विकार नव्हता, अशा दहा हजारांत वर्षाकाठी टळणारी संकटे अवघी सहा. आणि मेंदूबाहेरचे, मुख्यतः पोटातील, मोठे रक्तस्राव वाढतात तीन, शिवाय मेंदूतील रक्तस्रावाचा एखादा अधिक. एका पारड्यात दीडशे, दुसऱ्यात सहा. गोळी तीच, मात्रा तीच, फरक फक्त घेणाऱ्याच्या देहात आहे.

२०१८ साली तीन मोठ्या प्रयोगांनी हे चित्र आणखी स्पष्ट केले. मधुमेह असलेल्या १५,४८० व्यक्तींच्या प्रयोगात सुमारे साडेसात वर्षांत दर हजारी अकरा जणांवरील संकट टळले, तर नऊ जणांना जादा मोठा रक्तस्राव झाला. मध्यम धोक्याच्या साडेबारा हजार माणसांत लाभ सिद्धच झाला नाही. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका येथील १९,११४ निरोगी वृद्धांत, ज्यांतील बहुतेक सत्तरीपुढचे होते, अ‍ॅस्पिरिनने धडधाकट आयुष्य वाढले नाही. मोठे रक्तस्राव मात्र २.८ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर गेले. पूर्वीइतका लाभ आता का दिसत नाही, याचेही उत्तर आहे. धूम्रपान घटले, रक्तदाबावर उपचार होऊ लागले, कोलेस्टेरॉल उतरविणारी औषधे आली. मूळ धोकाच कमी झाला, की अ‍ॅस्पिरिनने टाळण्यासारखे थोडेच उरते, आणि रक्तस्रावाचा धोका मात्र आहे तेथेच राहतो. २०२२ साली अमेरिकेतील प्रतिबंधक उपचारांविषयी सल्ला देणाऱ्या तज्ज्ञमंडळाने साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांनी ही गोळी नव्याने सुरू करू नये, असे स्पष्ट सांगितले. चाळीस ते एकोणसाठ या वयात दहा वर्षांतील धोका दहा टक्के वा अधिक असेल, तरच डॉक्टरांशी विचारविनिमय करून व्यक्तिशः निर्णय घ्यावा, असा त्यांचा अभिप्राय आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग टळतो म्हणून ही गोळी घ्यावी, असे २०१६ साली याच मंडळाने काही अंशी सुचविले होते. त्यास पुरेसा पुरावा नाही, असे २०२२ साली त्यानेच म्हटले.

यावर एक आक्षेप असा घेतला जाईल, की हे सारे सुस्थितीतील देशांचे शास्त्र आहे, आणि आमच्याकडे हृदयविकार लवकरच्या वयात गाठतो, तपासणी होत नाही, डॉक्टर दूर असतो. अशा वेळी एक स्वस्त गोळी सर्वांना दिली तर काय बिघडले? हा आक्षेप उथळ नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ५,७१३ व्यक्तींच्या एका आंतरराष्ट्रीय प्रयोगात जवळजवळ निम्मे लोक भारतीय होते. त्यात पॉलीपिल आणि अ‍ॅस्पिरिन एकत्र घेणाऱ्यांत सुमारे साडेचार वर्षांत ४.१ टक्क्यांना हृदय-रक्तवाहिन्यांचे गंभीर विकार झाले, तर केवळ नकली गोळ्या घेणाऱ्यांत ५.८ टक्क्यांना. हा लाभ नगण्य नव्हे. परंतु त्याच प्रयोगात एकट्या अ‍ॅस्पिरिनचा लाभ निर्विवाद सिद्ध झाला नाही. शिवाय रक्तस्रावाची विशेष भीती असलेल्यांना त्यात प्रवेशच नव्हता. गावोगाव गोळी वाटताना अशी निवड कोण करणार?

आपल्याकडील धोक्याची बाजूही तितकीच वेगळी आहे. उपचारावाचून राहिलेला रक्तदाब हा मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमुख कारण असतो, आणि असा रक्तदाब आपल्याकडे घरोघर आहे. सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामके आणण्याची सवय सार्वत्रिक आहे. ती अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला आली, की जठरातील रक्तस्रावाची शक्यता वाढते. त्यांपैकी आयब्युप्रोफेनसारखी काही औषधे तर अ‍ॅस्पिरिनचा हृदयाला होणारा उपयोगच उणा करतात. मद्यपानाने त्यात भर पडते, हे आमच्या गोव्यात तरी वेगळे सांगायला नको. पावसाळ्यानंतर डेंग्यू हैदराबादेतही फैलावतो आणि पणजी-मडगावातही. त्या तापात बिंबाणू आधीच घटलेले असतात, म्हणून तापावर अ‍ॅस्पिरिन कदापि घेऊ नये. हृदयविकारासाठी जे ते घेत असतील, त्यांनी ताप येताच डॉक्टरांना तसे सांगावे. लहान मुलांना तर विषाणुजन्य तापात हे औषध देऊच नये. त्यातून यकृत आणि मेंदू यांना ग्रासणारा राय यांच्या नावाने ओळखला जाणारा विकार संभवतो. जपानमध्ये चौदा हजारांवर प्रौढ व वृद्धांना रक्तदाब, मधुमेह किंवा कोलेस्टेरॉलचा विकार असूनही अ‍ॅस्पिरिनने अपेक्षित लाभ दिला नाही, हा २०१४ सालचा निष्कर्ष आशियातील देशांनी तरी डोळ्यांआड करू नये.

एकत्रित गोळीच्या कल्पनेला आमचा विरोध नाही. झटका येऊन गेलेल्यांसाठी ती हितकर आहे. युरोपातील अशा २,४९९ रुग्णांवरील २०२२ सालच्या प्रयोगात गंभीर घटना १२.७ टक्क्यांवरून ९.५ टक्क्यांवर आल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली पॉलीपिलचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला, तो अ‍ॅस्पिरिनसहित आणि अ‍ॅस्पिरिनविरहित अशा दोन्ही प्रकारांनी केला, यातच शहाणपण आहे. एकत्र बांधलेल्या गोळीतून नको असलेले द्रव्य निवडून काढता येत नाही. तेव्हा निरोगी पण धोका असलेल्यांसाठी जी योजना होईल, तिच्यात अ‍ॅस्पिरिनविरहित गोळीच असावी आणि अ‍ॅस्पिरिन व्यक्ती पाहून वेगळे द्यावे, असे आम्हांस वाटते.

आणि आता या साऱ्या विवेचनातील सर्वांत महत्त्वाचा इशारा. ज्यांना झटका किंवा गुठळीमुळे आलेला पक्षाघात होऊन गेला आहे, ज्यांच्या हृदयवाहिनीत स्टेंट बसविला आहे किंवा ज्यांची बायपास झाली आहे, त्यांनी हा लेख वाचून आपली गोळी एक दिवसही थांबवू नये. दात काढायचा असो वा शस्त्रक्रिया, गोळी थांबवावी की नाही हे डॉक्टरांनी ठरवावयाचे आहे. तसेच छातीत दाबल्यासारखी वेदना होऊन घाम फुटला, तर प्रथम १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. या औषधाची वावडी नसेल आणि कोठे रक्तस्राव होत नसेल, तर तेथून मिळणाऱ्या सल्ल्याने सुमारे ३०० मिलिग्रॅम साधे अ‍ॅस्पिरिन चावून घेणे प्राणरक्षक ठरू शकते. ही १०८ सेवाही हैदराबादेतच २००५ साली जन्मली आणि २००८ पासून गोव्यात धावत आहे. गोव्यात ग्रामीण आरोग्यकेंद्रांतून झटक्याचे निदान करून गोवा वैद्यकीय महाविद्यालयाशी संधान बांधणारी ‘स्टेमी’ योजनाही आहे. या दोहोंचा लाभ वेळेवर घेणाऱ्याला वर्षानुवर्षे विनाकारण गोळी घेणाऱ्यापेक्षा अधिक संरक्षण मिळते.

कर्तव्ये सर्वांचीच आहेत. शासनाने प्रत्येक आरोग्यकेंद्रात चाळिशीपुढील व्यक्तीचा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल मोजून धोक्याचा अंदाज देण्याची व्यवस्था केली पाहिजे, कारण मोजमापावाचून गोळी कोणाला द्यायची हे ठरूच शकत नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळी लिहिताना ती का आणि कोठवर, हे दोन शब्दांत सांगावे. औषधविक्रेत्यांनी वेदनाशामक देताना ‘अ‍ॅस्पिरिन घेता का?’ एवढे विचारावे. वाचकांनी आपापल्या घरातील गोळ्यांचा डबा पुढील भेटीत डॉक्टरांसमोर उघडावा आणि प्रत्येक गोळीचे कारण विचारावे. एकाच गोळीने सर्वांचे कल्याण साधावे, हा मोह मोठा असतो. सव्वाशे वर्षांपूर्वी हैदराबादच्या विद्वान मंडळालाही तो आवरला नाही. औषध कोणते, या प्रश्नाइतकाच ते कोणाला, हा प्रश्नही मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक रोग्यापाशी नव्याने शोधावे लागते.